बाड्यावरचे खिळे आणि दादाची काडतुसं

दसरा होऊन आठ दिवस झाले, पण लिहायला आज बसतोय. पोस्ट लांब होणार आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे दसऱ्याला अजून पाटावर शस्त्रं मांडतात. शस्त्रं म्हणजे काय, तर आजोबांची गंजलेली कट्यार, आईची विळी, माझा पाना-पक्कड, आणि अण्णांची कंपोझिंग स्टिक. यंदा त्यात दोन वस्तू नव्या आल्या. एक निळ्या पुठ्ठ्याची वही आणि एक शिशाची पट्टी, बोटाएवढी, तिच्यावर आमचं आडनाव इंग्रजीत, उलट्या अक्षरांत. दादा गेल्या वर्षी ओहायोत गेला. वहिनींनी त्याच्या या दोन वस्तू पुतण्याबरोबर पाठवल्या.

पुतण्या तिकडेच वाढलेला. मराठी बोलतो, जरा थांबत थांबत. दसऱ्याच्या दिवशी त्याला गोरखीच्या देवघरापर्यंत नेलं, बाडा दाखवला, संध्याकाळी मांढरे की माताला शमीची पानं लुटायची गर्दी दाखवली. परत येताना त्यानं विचारलं, "काका, तिकडे दुकानात हवी तेवढी काडतुसं मिळतात. मग बाबा तळघरात बसून स्वतःची का भरायचे? आई म्हणायची, त्यांचे सगळे रविवार त्यातच गेले."

मी त्याला चटकन म्हटलं, "स्वस्त पडतात म्हणून." घरी येऊन वही वाचली, आणि उत्तर अपुरं होतं हे कळलं. पूर्ण उत्तर द्यायला आपल्या बाड्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

पुण्याचे पाहुणे वाडा म्हणतात, आपण बाडाच म्हणतो. आमचं घर बाड्यापासून चालत जाण्याइतकं जवळ. अण्णा बाड्यावरच्या सरकारी छापखान्यात जुळारी होते. नव्या पोरांना हा शब्द माहीत नसेल. शिशाचे खिळे एकेक करून स्टिकमध्ये उलटे लावायचे, ओळ भरली की घट्ट बसवायची, पान झालं की बांधायचं, छपाई झाली की प्रत्येक खिळा परत आपल्या घरात टाकायचा. हे काम करणारा तो जुळारी. झिजलेले खिळे वितळवून त्याच धातूचे पुन्हा नवे ओतत. अण्णा घरी आले की आधी मोरीत जाऊन हात घासून धुवायचे, मग चहा. शिसं पोटात जाऊ नये म्हणून. आम्हां दोघा भावांना शिशाचा वास आणि शिशाचं भय, दोन्ही तिथून मिळालं.

आता जरा मागे जाऊ.

आपलं लष्कर हे शहर छावणीतून उठलेलं. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला तळ दिला, तो उठलाच नाही, त्याचंच शहर झालं. म्हणून आपल्या पत्त्यांमध्ये आजही फौज वस्तीला आहे. शिंदे की छावनी आहे, आणि जिन्सी नाला आहे. रोज "जिंसी नाला नंबर दो" म्हणणाऱ्यांना विचारा, जिन्सी म्हणजे काय? मराठी फौजेत जिन्सी म्हणजे तोफखान्याचं, दारूगोळ्याचं खातं. औरंगाबादेत जिन्सी आहे, इंदुरात आहे, तशी आपल्याकडेही आहे.

ही फौज उभी राहिली महादजींच्या वेळी. १७८४ पासून द बॉयन त्यांच्याकडे आला, त्यानं कवायती पलटणी बांधल्या. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर त्यांच्यासाठी तोफा ओतायचा, बंदुका बनवायचा. याच फौजेनं १७९० साली पाटण आणि मेडता मारलं. त्या काळी बंदूक भरायच्या दोन तऱ्हा होत्या. तोड्याची बंदूक असेल तर शिपाई शिंगातून दारू ओतायचा, अंदाजानं, वर गोळी ठासायचा, आणि जळत्या तोड्यानं बत्ती द्यायचा. कवायती पलटणीत मात्र कागदी काडतूस. मोजलेली दारू आणि गोळी एका कागदी पुडीत गुंडाळलेली. पुडी दातानं फाडायची, दारू नळीत, उरलेला कागद आणि गोळी वरून ठासायची. प्रत्येक बाराला दारू तेवढीच, म्हणून पलटणीचा मारा एकसारखा. द बॉयनच्या नजीब पलटणींकडे तर तोड्याचीच बंदूक, पण तिला संगीन लावलेली. म्हणजे जुनं आणि नवं एकाच फौजेत शेजारी शेजारी उभं होतं.

सांगायचं एवढंच, की "आपण मोजून भरलेलं" आणि "दुसऱ्यानं भरून दिलेलं" हा प्रश्न दादाच्या तळघरात जन्मलेला नाही. बंदुकीच्या दारूइतकाच तो जुना आहे. आणि पुडी दुसऱ्यानं भरली, की ती कुणी भरली, तिच्यात काय घातलं, हा प्रश्न मागोमाग येतोच.

तो प्रश्न मोठ्यानं विचारला गेला १८५७ मध्ये. एन्फिल्ड रायफल आली, तिची काडतुसं दमदमला बनू लागली, कागदाला चरबी लावलेली असते अशी बातमी फुटली. चरबी गायीची की डुकराची, यावर काय पेटलं ते सगळ्यांना माहीत आहे. कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट पुढची. २७ जानेवारी १८५७ ला सरकारनं हुकूम काढला, की यापुढे कारखान्यातून काडतुसं कोरडी द्यायची, आणि शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः आणून लावावं. पुढे तर दाताऐवजी हातानं फाडायची मुभाही दिली. म्हणजे अर्धं काम कारखान्याचं, अर्धं शिपायाचं! उपयोग झाला नाही. शिपाई म्हणाले, वंगण आमचं, पण कागद? त्या चकचकीत कागदातच काही असलं तर? एकदा भरवसा उडाला की काडतूस कोरडं असो नाहीतर तुपानं माखलेलं.

आपल्याकडे मुरारला ग्वाल्हेर कंटिंजंट होती. १८४३ च्या २९ डिसेंबरला महाराजपूर आणि पनियार इथं एकाच दिवशी शिंद्यांची फौज हरली, आणि पुढच्या महिन्यातल्या तहानं दरबारची फौज ९,००० माणसं आणि ३२ तोफांवर आणून ठेवली. कंटिंजंट वेगळी. पगार शिंद्यांचा, अंमलदार इंग्रज. १४ जून १८५७ ला ती उठली. पुढे हीच पलटण तात्या टोप्यांबरोबर कानपुरावर चालून गेली. १ जून १८५८ ला तात्या, रावसाहेब आणि झाशीच्या राणीसाहेब मुरारवर आल्या तेव्हा जयाजीरावांची फौज त्यांना जाऊन मिळाली आणि महाराज आग्र्याकडे निघून गेले. तीन आठवड्यांच्या आत राणीसाहेब पडल्या, किल्लाही गेला. हे सगळं आपण समाधीवर जाऊन दर वर्षी आठवतो, म्हणून लांबवत नाही.

त्यानंतर काडतूस घरातून आणि छावणीतून जे गेलं ते गेलंच. १८६० नंतर धातूचं काडतूस आलं. नळी, टोपी, दारू आणि गोळी, चारही एकत्र. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. तो आजही चालू आहे. २०२१ पासून त्याच्यावर म्युनिशन्स इंडिया अशी पाटी आहे, एवढाच फरक. संस्थानात शिकारीच्या बारा बोरच्या नळ्या मात्र लोक घरी भरत. माधो महाराजांच्या वेळी वाघाच्या शिकारीचा केवढा थाट होता, महाराजांनी स्वतः त्यावर पुस्तक लिहिलं होतं. आमच्या गल्लीतले एक म्हातारे शिकारखान्यातून निवृत्त झालेले. ते ओट्यावर बसून टोपी, दारू, बूच, छर्रे, वर पुठ्ठ्याची चकती असं एकेक भरायचे आणि आम्हां पोरांना चार हात लांब बसवायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तेही संपलं.

आता आमच्या घरातली गोष्ट.

दादाला नेम एनसीसीत सापडला. पॉइंट टू-टू रायफल, पोटावर झोपून. पोरगा हुशार, माधव इंजिनिअरिंग कॉलेजात गेला, पण बोलायचा ते टार्गेटचं. एकदा त्यानं अण्णांना सांगितलं, मला पिस्तूल शिकायचं आहे. अण्णा जेवत होते. ताटावरून उठले.

कारण सांगायला हवं. ३० जानेवारी १९४८ ला ज्या बेरेटा पिस्तुलानं गांधीजींची हत्या झाली, ते ग्वाल्हेरातून मिळवलेलं होतं. इथले डॉ. परचुरे त्या खटल्यात आरोपी होते. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, १९४९ मध्ये हायकोर्टानं निर्दोष सोडलं. आमच्या घराचा कशाशी काडीचा संबंध नव्हता. पण अण्णा तेव्हा पंचविशीतले, मराठी आडनावाचे, रोज बाड्यावरून कामाला जाणारे. ते सांगायचे, कित्येक दिवस मान खाली घालून जायचो, लोक काही बोलत नसत पण बघत. त्यानंतर आमच्या घरात पिस्तूल हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. दादानं वीस वर्षांनी उच्चारला.

चार दिवसांनी अण्णांनीच विषय काढला. म्हणाले, "शीक. पण एक अट. जेवढ्या गोळ्या हातात घेशील, त्यातली प्रत्येक कुठं गेली ते मला सांगायचं. आम्ही खिळ्यांचा हिशेब देतो, तू गोळ्यांचा दे."

दादानं वही घातली ती तेव्हा. निळी वही ही नव्हे, तिच्या आधीची. तारीख, किती मिळाल्या, किती मारल्या, किती खोखे परत केले.

१९७० साली दादा अमेरिकेला गेला. मी इथेच राहिलो, बँकेत लागलो. चंबळच्या मुलखात बंदुकीचा परवाना ही काही नवलाची गोष्ट नाही. १९७७ ला मलाही पॉइंट थर्टी-टू रिव्हॉल्व्हरचा मिळाला. अण्णांची अट मलाही लागू झाली. मी क्लबात जाऊ लागलो, जिल्ह्याच्या स्पर्धेत उतरलो. गंमत बघा, आपल्या देशात नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये निघाली तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळणकर. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची मोठी स्पर्धा त्यांच्याच नावानं भरते. देशभरातली पोरं "मावलंकर खेळून आलो" म्हणतात, त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की हे नाव रत्नागिरीकडलं आहे!

माझ्यापुढे निवड अशी नव्हतीच. परवान्यावर वर्षाला ठरलेली काडतुसं, तीही खडकीची, दुकानदार प्रत्येक खरेदी परवान्यावर नोंदवणार. ती काडतुसं बनलेली स्वसंरक्षणासाठी, गोळीचं नाक गोल. टार्गेटच्या कागदाला गोल नाक फाटकं भोक पाडतं, त्यामुळे गोळी रेषेला लागली की नाही यावर वाद. नेमबाजांची गोळी वेगळी असते. तिला वॉडकटर म्हणतात. समोरून सपाट, डबीच्या झाकणासारखी, कागदात पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक. वॉल्थर जीएसपीसारख्या स्पर्धेच्या पिस्तुलात तर गोल नाकाचं लांब काडतूस मॅगझिनमध्ये मावतच नाही. ती काडतुसं परदेशातून यायची, आणि ती मागवायची सोय नावाजलेल्या नेमबाजांना होती, आमच्यासारख्यांना नाही. घरी भरायचं म्हणाल तर १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. तो विचारसुद्धा मी केला नाही.

दादाकडे सगळंच उलटं. ओहायोत एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी आहे. १९०७ पासून तिथं अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धा होतात. तिथल्या पिस्तुलाच्या पूर्ण स्पर्धेत २७० बार. ९० पॉइंट टू-टूचे, ९० सेंटरफायरचे, ९० पॉइंट फोर्टी-फाइव्हचे. प्रत्येक बाराला जास्तीत जास्त १० गुण, म्हणून तिला ट्वेंटी-सेव्हन-हंड्रेड म्हणतात. काही बार ५० यार्डांवरून सावकाश, काही २५ यार्डांवरून, पाच बार २० सेकंदांत, मग पाच बार १० सेकंदांत. सगळं एका हातानं. आणि स्पर्धा २७० ची असेल तर सराव किती हजारांचा, तुम्हीच हिशेब करा.

पत्रांतून आमचा वाद तिथूनच सुरू झाला. मी लिहायचो, कारखान्याचं ते कारखान्याचं. तपासलेलं असतं, डब्यावर लॉट नंबर असतो, चूक निघाली तर विचारायला कुणीतरी असतं. तो लिहायचा, काडतुसात सगळ्यात महाग असते ती पितळेची नळी, आणि ती बार झाल्यावरही तुझ्याजवळच राहते. ती फेकून कशाला द्यायची? पुसायची, साच्यात घालून मूळ मापावर आणायची, नवी टोपी, मोजून दारू, नवी गोळी. पुन्हा काडतूस. वर तो म्हणायचा, कारखाना सगळ्यांच्या बंदुकीसाठी बनवतो, मी माझ्या एका बंदुकीसाठी बनवतो.

पॉइंट टू-टूला हे चालत नाही. तिची टोपी वेगळी नसते, स्फोटक नळीच्या कडेतच असतं. कड एकदा चेपली की संपलं. म्हणून तिथं जगातला मोठ्यातला मोठा नेमबाजही कारखान्याचंच काडतूस घेतो. फार तर निरनिराळे लॉट आपल्या पिस्तुलात मारून बघतो आणि जुळणाऱ्या लॉटची खोकी घेऊन ठेवतो. "निवडायचं असतंच," दादानं लिहिलं होतं, "कुठं भरण्यात निवडायचं, कुठं विकत घेण्यात."

मग १९७६ चं ते पत्र आलं. तिकडची वर्तमानपत्रं तेव्हा ऑफसेटवर जात होती, लायनोटाइपची यंत्रं भंगारात निघत होती. लायनोटाइपचा धातू म्हणजे शिसं, त्यात १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. गोळी ओतणारे लोक त्यावर टपलेले. नुसतं शिसं मऊ पडतं, लायनोटाइप मिसळलं की हवं तेवढं कडक होतं. दादानं एका बंद पडणाऱ्या छापखान्यातून तो धातू विकत आणला. तिथल्या म्हाताऱ्या ऑपरेटरनं यंत्र बंद करायच्या आधी त्याला त्याच्या नावाची एक ओळ ओतून दिली. पाटावर ठेवलेली पट्टी ती हीच.

अण्णांना मी पत्र वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "खिळे वितळवून गोळ्या?" मला वाटलं आता पुन्हा ताटावरून उठणार. पण म्हणाले, "लिही त्याला, भट्टी उघड्यावर लाव म्हणावं, आणि हात धुतल्याशिवाय पोराला उचलू नकोस." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "तिकडेही जुळारी घरी बसले म्हणायचे."

एक गोष्ट दादाकडून शिकलो ती इथेच सांगतो, कारण आजच्या पोरांनाही उपयोगी आहे. मी एकदा माझ्या वाईट गुणांचं खापर काडतुसांवर फोडून लांब पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं, की मी माझं रिव्हॉल्व्हर बाकाला शिकंज्यात आवळून दोन्ही काडतुसं मारून बघितली. कारखान्याची आणि माझी. दोन्ही दहाच्या वर्तुळात बसली. मी हातात धरल्यावर दोन्ही पसरली. तेव्हा आधी रिकामं रिव्हॉल्व्हर भिंतीसमोर धर आणि घोडा पडताना पुढची माशी हलते का बघ. महिनाभर रोज. मी केलं. माशी हलत होती. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत २५ मीटरवर दहाचं वर्तुळ अवघं ५० मिलिमीटरचं. काडतूस कुठलंही घ्या, त्या वर्तुळाबाहेर गोळी नेतो तो बहुतेक वेळा आपला हातच.

१९८१ मध्ये अण्णा गेले. शेजाऱ्यांकडे फोन होता, तिथून ट्रंक कॉल लावला. रात्री लागला. तिकडे रविवार सकाळ. दादा "हॅलो" म्हणाला, मी सांगितलं, मग दोघंही काही बोललो नाही. तीन मिनिटं संपली. तो तेराव्याला पोचला.

पुढल्या उन्हाळ्यात त्याचं पत्र आलं, की स्पर्धेत माझ्या रिव्हॉल्व्हरची नळी फुगली, आता काही दिवस बंद. एवढंच. मी वाद जिंकल्याच्या आनंदात लिहिलं, सांगत होतो ना, कारखान्याचं घे म्हणून. त्यानं त्याला उत्तर दिलं नाही. पत्रंच काही महिने आली नाहीत.

काय झालं होतं ते यंदा वहीत वाचलं. दहा सेकंदांत पाच बारांची फेरी. एका काडतुसात दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोरानं गोळी नळीत शिरली आणि अडकली. शेजारी सगळी रांग बार काढतेय, त्या आवाजात हा फुसका आवाज ऐकू आला नाही. रिव्हॉल्व्हर असल्यामुळे पुढचं काडतूस आपोआप समोर आलं. दुसरी गोळी पहिलीवर जाऊन आदळली. नळीला गाठीसारखा फुगवटा. नळी फाटली नाही, कुणाला लागलं नाही. शेजारच्या जागेवर एक कॉलेजातला पोरगा उभा होता, हे दादानं दोनदा लिहिलंय.

वॉडकटरच्या भरणीत दारू इतकी थोडी असते, की खोल नळीच्या तळाशी ती दिसेनाशी होते. नाही पडली तरी पटकन कळत नाही, दोनदा पडली तरी ओसंडत नाही. नंतर काडतूस वजन करूनही समजत नाही, कारण नळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातला फरकच त्या दारूपेक्षा जास्त निघतो. एकच उपाय. पन्नास नळ्यांचा ट्रे समोर ठेवायचा, गोळी बसवायच्या आधी बॅटरी मारून प्रत्येक नळीत डोकवायचं, आणि काम मधेच सोडून उठायचं नाही.

दादा शोधत शोधत त्या खोक्यापर्यंत गेला होता. प्रत्येक खोक्याची तारीख वहीत असायचीच, अण्णांची अट. त्या तारखेपुढे त्यानं नंतर, वेगळ्या शाईनं, देवनागरीत दोन शब्द लिहिले आहेत. "फोन. अण्णा."

माझा फोन. त्या रविवारी तो ट्रे अर्धा सोडून उठला होता. कितव्या नळीपर्यंत दारू पडली होती ते परत आल्यावर त्याला आठवलं नसणार, आणि त्यानं पुढे भरून टाकलं. चाळीस वर्षं त्यानं मला हे सांगितलं नाही. मी "कारखान्याचं घे" म्हणून चिडवत राहिलो, तेव्हाही नाही.

वही पुढे चालू आहे. एक वर्ष कोरं, मग पुन्हा नोंदी. त्यानं भरणं सोडलं नाही. पण नियम वाढले. तळघरात फोन नाही. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. मधे उठावं लागलं तर ट्रेमधली सगळी दारू परत डब्यात, पहिल्या नळीपासून पुन्हा. स्वतःच्या बंदुकीत स्वतः भरलेलं, दुसऱ्याला कधीही द्यायचं नाही. कुणी पाहुणा रेंजवर आला तर त्याच्यासाठी दुकानातलं खोकं. आणि पुतण्याला पहिल्यांदा पिस्तूल हातात दिलं त्या दिवसाची नोंद मी त्यालाच वाचायला लावली. "आज कारखान्याची. ५०. सगळ्या मोजल्या."

तो वाचून म्हणाला, "मला वाटायचं, बाबांचा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून त्यांची काडतुसं मला देत नव्हते."

मी म्हटलं, "तुझ्यावर होता रे. स्वतःवर किती ठेवायचा ते त्यानं ठरवून घेतलं होतं."

तेव्हा त्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर आता असं. कारखान्याचं काडतूस घेणं म्हणजे खडकीच्या किंवा कुठल्याशा गावच्या न पाहिलेल्या माणसावर भरवसा टाकणं, आणि बहुतेकांनी बहुतेक वेळा तेच करावं, मीही तेच केलं. स्वतः भरणं म्हणजे तो भरवसा स्वतःवर घेणं, आणि तो चुकला तर दुसऱ्याकडे बोट न दाखवणं. पैसे वाचतात हे खरं, पण दादा रविवारमागून रविवार तळघरात बसला तो त्यासाठी नाही. तो अण्णांना हिशेब देत होता, अण्णा गेल्यावरसुद्धा.

वही आणि पट्टी मी पुतण्याबरोबर परत पाठवणार होतो. तो म्हणाला, "पट्टी इथंच राहू दे काका, अण्णा आजोबांच्या स्टिकपाशी." वही तो घेऊन गेला. जाण्याआधी तिचे फोटो काढून ठेवलेत, "फोन. अण्णा." ते पान सोडून. ते पाठ आहे.

मंडळी, बाड्यावरच्या छापखान्यात काम केलेल्या कुणाच्या वडिलांच्या, आजोबांच्या आठवणी असतील, खिळे, स्टिक, जुना फोटो काही असेल, तर जरूर लिहा. जुळारी हा शब्द आपल्या पिढीबरोबर जाऊ नये.